फिरत्या शेळ्यांत हरवलेले मालक

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, “लहानसा स्ट्रोक येऊन गेलाय. धोका टळलाय, पण वर्किंग मेमरी कमजोर झालीय.” मी आमच्या मालकांकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते, चूक माझी असल्यासारखे.

स्ट्रोक म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडणं. आणि वर्किंग मेमरी? मी विचारून घेतलं. तुम्हीही लाजू नका, विचारा. हातातलं काम संपेपर्यंत जे डोक्यात धरून ठेवायचं असतं, ते धरायची ताकद. जुनं सगळं शाबूत होतं. लग्नात माझे मामा कशावरून रुसले, ते हे अजून चवीनं सांगतात.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. आम्ही कोऱ्हाळ्याचे, घरी अठ्ठावीस शेळ्या, सगळ्या काळ्या. एका सकाळी मोकळ्या शेळ्यांत शिरून हे जंताचं औषध पाजत होते. एकीला दोनदा पाजलं. तिलाच तिसऱ्यांदा धरलं तेव्हा मी हात धरला. म्हणाले, “तू मधी बोलतीस म्हणून चुकतंय.” चाळीस वर्षं मी मधी बोलतेय, तेव्हा बरं चुकलं नाही.

बारामतीच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर चाचणी झाली. ठिपके थांबलेले असले की हे एकेक बघून वेगळा ठिपका बरोबर शोधायचे. ठिपके फिरायला लागले की बघितलेलाच परत बघायचे. डॉक्टरांनी समजावलं, “काका, थांबलेल्या वस्तूची जागा लक्षात राहते. फिरणाऱ्यांत कुठली बघून झाली, ते डोक्यातच धरावं लागतं. तिथं तुम्ही अडता.”

“मंजी माझ्या शेळ्याच की,” हे म्हणाले.

घरी आल्यावर मुलानं विषय काढला. परत दुप्पट औषध गेलं तर शेळी दगावेल, त्यापेक्षा इंदापूरच्या बाजारात विकून टाकू. त्याचं खोटं नव्हतं. पण हे त्या दिवशी जेवले नाहीत. शेळ्या गेल्या तर हा माणूस खाटेवर बसून संपेल, या धास्तीनं मी मुलाकडून महिनाभराची मुदत मागून घेतली.

ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं नव्यानं शिकवणं, ते करणाऱ्या ताई म्हणाल्या, “सगळं डोक्यात धरू नका. जी झाली तिच्यावर खूण करा.” यांना राग आला. “मी काय ल्हान पोर हाय? तोंडानं वळखतो शेळ्या.”

“तोंड वळखता, पण पाजलं कुणाला ते इसरता,” मी म्हटलं. चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी आपणच गेरू कालवत बसले.

लसीच्या दिवशी मुलगा शेडच्या दारात उभा राहून बघत होता. हे एकेक शेळी धरून आणत, जनावरांचे डॉक्टर टोचत, की कपाळावर गेरूचं बोट. मी बोटांवर मोजत होते. एकही शेळी सुटली नाही, एकही दोनदा आली नाही.

“ऱ्हाऊ द्या आबा,” मुलगा म्हणाला, “न्हाय इकायच्या.”

मला रडू आलं. ते लपवायला मी यांच्यापुढं कपाळ केलं. “मला बी लावा बोट.”

“तुला कशाला?” हे म्हणाले. “तुझ्याकडं परत परत बघितलं तर काय बिघडतंय?”