सत्तावन्नचं नाणं

बाबा नाणी जमवायचे, पण फक्त शेवटच्या वर्षाची. एखादं नाणं पाडणं कायमचं बंद झालं, की ज्या वर्षी ते शेवटचं पाडलं गेलं त्या वर्षाचं त्यांना हवं असायचं. पहिल्या वर्षाचं लोक हौसेने जपून ठेवतात, ते म्हणायचे. शेवटचं हे शेवटचं आहे हे कुणाला ठाऊकच नसतं, म्हणून ते खर्चून टाकतात. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांनी जन्मभर बारीक अक्षरं काढली आणि निवृत्तीनंतर काचबिंदूने डोळे नेले. २००४ साली आईसोबत तीन महिन्यांसाठी ते माझ्याकडे आयर्लंडमध्ये शॅननला आले, तेव्हा त्यांना समोर माणूस आहे एवढं कळायचं, चेहरा दिसायचा नाही.

त्यांना हवा होता अमेरिकेचा तांब्याचा मोठा सेंट, १८५७चा. जुन्या रुपयाएवढा असतो. त्या वर्षी नवा छोटा सेंट निघाला, लोकांनी मोठे देऊन छोटे घेतले आणि मोठे वितळवले गेले. नागपूरच्या त्यांच्या नाणेमंडळात तो कुणाकडेच नव्हता. डब्लिनमध्ये जुन्या नाण्यांचं दुकान आहे, तुम्ही या तर खरं, असं मीच फोनवर फुशारकीने सांगून बसलो होतो.

मी कारखान्यातून आलो की ते विचारायचे, कधी जायचं. पुढच्या शनिवारी, मी म्हणायचो. वैद्यकीय उपकरणांमधले दोष शोधत दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायचं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. सुट्टीच्या दिवशी मला हलायचा कंटाळा यायचा. एकदा चिडून म्हणालो, तुम्ही माझ्यासाठी आलात की नाण्यासाठी? त्यानंतर आठ दिवस त्यांनी विषय काढला नाही. आठ दिवस मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला आज लाज वाटते.

त्यांच्या परतीच्या दोन दिवस आधी मी एकटाच बसने डब्लिनला गेलो. सत्तावन्नचा होता, पण गेल्याच महिन्यात विकला गेला, दुकानदार म्हणाला. छप्पन्नचा आहे, दिसायला अगदी तसाच. मी तो घेतला. घरी गेल्यावर खरं सांगायचं, असं परतताना बसमध्ये ठरवलं होतं.

बाबा दारातच उभे होते. त्यांनी नाणं तळहातावर घेतलं, अंगठा फिरवला, नाकाशी नेऊन वास घेतला.

"सात नीट दिसतो ना रे? घासून तर नाही गेला?"

"नीट दिसतो."

"अन् आकडे मोठे आहेत का लहान?"

त्या वर्षी दोन्ही तऱ्हेचे पाडले होते, हे त्यांना माहीत होतं. मला नव्हतं. "मोठे," मी म्हणालो.

जुन्या लग्नपत्रिका कापून ते प्रत्येक नाण्याची चिठ्ठी करायचे. आता हात चालत नव्हता, म्हणून त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: १८५७, शेवटचं वर्ष, मोठे आकडे. खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहायला लावली: आयर्लंडहून मुलाने आणलं. मी तीही सुबक अक्षरात लिहिली.

हिवाळ्यात नाणेमंडळाचं प्रदर्शन झालं. त्या रविवारी फोनवर आई दबक्या आवाजात बोलत होती. एका गृहस्थांनी भिंग लावून पाहिलं आणि भरल्या सभागृहात म्हणाले, अहो, हे छप्पन्नचं आहे. बाबा लगेच उठले. चूक माझी आहे, म्हणाले, डोळे गेले तरी हौस जात नाही. मी सांगितलं तसं पोराने लिहिलं. मग नाणं खिशात घातलं आणि तिला म्हणाले, घरी चल. ज्या लोकांत तीस वर्षं त्यांच्या नजरेला मान होता, त्या लोकांसमोर ते असं बोलले. आई म्हणाली, त्यांनी तुला सांगू नको म्हटलंय.

तेवढ्यात बाबांनी फोन घेतला.

"प्रदर्शन चांगलं झालं," ते म्हणाले. "तुझं नाणं सगळ्यांनी पाहिलं."

नेहमी फोनचं बिल वाढतं म्हणून घाईघाईने ठेवून देणारा माणूस, पण त्या दिवशी फोन कानाशी धरून राहिला. मी काय बोलतो याची ते वाट पाहत होते, हे मला चांगलं कळत होतं.

मी त्यांना सांगितलं, इकडे सकाळपासून पाऊस आहे.