वाघमारे बाई आणि त्यांच्या सोबत आलेला मी

वाघमारे बाई शाळेत आल्या की पर्स टेबलावर ठेवायच्या, मस्टरवर सही करायच्या आणि रात्रीची झोप जाहीर करायच्या. "आज दोन तास. तेबी तुकड्या-तुकड्यानं." अर्धापूरजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत आम्ही पाच शिक्षक. बाकीचे हसायचे. मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो, कारण सहा वर्षं माझीही झोप उडाली होती आणि ते बायकोशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

अंथरुणाला पाठ टेकली की छाती धडधडायची. ऑनलाइन माहिती भरायची राहिली, तपासणीला साहेब येतील, मुलीचं पुढं कसं होईल. एक काळजी संपली की दुसरी हजर. गणिताच्या मास्तरला अंधारात भीती वाटते, हे सांगायचं कुणाला? कुणी विचारलंच तर मी म्हणायचो, "आपण पडलो की मेलो!"

बाईंना ते कधीच पटलं नाही. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी मी तपासलेले पेपर माझ्यापुढं ठेवले. तीन पोरांच्या बरोबर उत्तरांवर मी फुल्या मारल्या होत्या. "सर, कवापासून जागून राहिलात?" मी मान खाली घातली. मग त्यांनी स्वतःचं सगळं सांगितलं. झोप येईना तर लोळत पडायचं नाही, उठून डाळ निवडायची. उद्याच्या काळज्या संध्याकाळीच कागदावर उतरवायच्या. चारनंतर चहा बंद. "झोपंच्या मागं लागलं की ती मांजरावानी पळती. आपण आपलं काम करावं, मंग येऊन बसती मांडीवर. पण निस्त्या डाळीनं भागत न्हाई. नांदेडला डॉक्टर हायत, मी जाते, तुमी बी चला. लाज कशाची? बीपीची गोळी खातेत का न्हाई लोकं?"

गेलो. नाकापर्यंत रुमाल बांधून. मानसोपचाराच्या त्या दवाखान्याच्या दारातच आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष भेटले. शेजारी दाताच्या डॉक्टरकडं आले होते. रुमालातूनही त्यांनी मला ओळखलं. "सर, तुमी हितं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाईंना दाखवायला आणलंय. त्यांना त्रास आहे."

बाई माझ्या मागंच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "हाव, अध्यक्षसाहेब. मीच पेशंट हाय. सर बिचारे सोबत आले."

आठवडाभरात गावात झालं, बाई वेड्याच्या डॉक्टरकडं जातात. बाईंच्या तिसरीच्या वर्गातल्या पोरांचे आईबाप शाळेत आले. समितीची बैठक बसली. अध्यक्षांनी मलाच विचारलं, "सर, तुमी तर संगं होता. कितपत हाय हो बाईंचं?" बाई समोरच बसल्या होत्या. मला एवढंच म्हणायचं होतं की बाईंनी मला नेलं होतं, आणि गोळी माझीही चालू आहे. मी म्हणालो, "मी नुसता सोबत गेलो होतो."

बाईंकडून वर्ग काढला. पहिलीपासून हात धरून त्यांनी ज्यांना लिहायला शिकवलं ती पोरं माझ्याकडं आली. महिनाभर ती विचारत होती, "बाई कवा येतेत?" बाई तेव्हा ऑफिसात बसून पोषण आहाराची रजिस्टरं लिहीत होत्या. पुढच्या बदल्यांत त्यांनी स्वतःहून लांबची, हिमायतनगरकडची शाळा मागून घेतली.

मला आता रात्री पाच तास झोप लागते. तीही त्यांच्यामुळंच.

मागच्या महिन्यात बाईंचा फोन आला. "सर, गोळी मनानं बंद केली न्हाई ना? तारखंला जाताव ना नांदेडला?" म्हटलं, जातो, पण दरवेळी धाकधूक होते, ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगू?

बाई हसल्या. त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. "त्यात काय? माझंच नाव सांगा की. माझं तर झालंच हाय एकदा."

नको बाई, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी "बरं" म्हणालो.