नापास मॅडम

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही कारखान्याच्या दारावरच्या मशीनवर बोट ठेवलं आणि दार उघडलं नाही, की सगळे त्या बोटाकडे बघतात. मशीनकडे बघणारी एकच व्यक्ती मला भेटली. दिवा लाल झाला की त्या शांतपणे म्हणायच्या, "नापास." समोरची बाई ओशाळून पदराला बोट पुसायला लागली की पुढचं वाक्य ठरलेलं, "तुम्हाला नाही हो ताई, ह्याला म्हणतेय." बायकांनी त्यांचं नावच पाडलं, नापास मॅडम.

त्या ही बोटं ओळखणारी मशीनं बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होत्या. पुंडलिकनगरातून स्कूटीवर यायच्या, पायाशी मशीनचा खोका. मी कामगारांची पत्रकं लिहिणारा. स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात पॉलिश विभागाच्या दाराला मशीन बसणार होतं, आणि ज्यांचं बोट लागणार नाही त्यांना काम नाही, असं मॅनेजरनं सांगून टाकलं होतं. पॉलिश करणाऱ्या बायकांच्या बोटांवर रेषा उरतातच कुठं? वर्षानुवर्षं ती बोटं तुमच्या भांड्यांवर झिजवायची आणि मग म्हणायचं, ओळख पटत नाही. याला मी पत्रकात जो शब्द वापरला होता तो इथं छापणार नाहीत. मथळा होता, 'मशीन हटवा'. गेटवर पहिलं पत्रक नेमकं मॅडमच्याच हातात गेलं.

त्यांनी ते उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं. "राग बरोबर आहे, माहिती अर्धी आहे," म्हणाल्या. "चहा पाज, उरलेली सांगते."

टपरीवर त्यांनी मला शिकवलं. जुनं मशीन कातडीच्या वरच्या रेषांचा फोटो घेतं. रेषा झिजल्या, की त्याला काही दिसत नाही. आता नवी मशीनं आलीत, ती वेगवेगळ्या रंगांचा उजेड टाकून कातडीच्या आतला थर वाचतात. वरची नक्षी गेली तरी आत तीच असते.

"मग तीच का नाही लावत?"

"महाग पडतात म्हणे. पण तू हटवा म्हणालास तर ते मशीन हटवतील आणि त्याच्यासोबत बायकापण हटवतील. बदला म्हण, पत्रकवाल्या."

त्यांची काम करायची रीतच वेगळी. चाचणीला बाकीचे इंजिनिअर ऑफिसातली मऊ बोटं बोलावतात. ह्या चालू पाळीतून बायका उठवायच्या, हातही धुवू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "दाराशी जे बोट येणार, तेच मला पाहिजे."

त्या कारखान्यातली चाचणी साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होती. मशीन जुन्याच पद्धतीचं, आणि तरी दिवा हिरवाच. एकामागून एक बायका आत. मॅनेजर खूश. मॅडमच्या कपाळाला मात्र आठी. त्यांनी शकीला आपांचा हात धरला. आपा खुलताबादहून येणाऱ्या, पॉलिशमधल्या सगळ्यात जुन्या. मॅडमनी त्यांच्या बोटावरून अंगठा फिरवला.

"काय लावलंय आपा?"

"ग्लिसरीन. रेषा वर याव्या म्हून काल दिवसभर चोळलं, वरून हाताला पिशव्या बांधल्या. समद्यांनीच केलं." आपांनी मान खाली घातली. "मॅनेजर बोलला, मशीन नाय चाललं तर तुमची नौकरी जाईन. हमारी वजह से क्यों जाय?"

त्या बायकांची स्वतःची नोकरी टांगणीला होती आणि त्या मॅडमची वाचवत होत्या. मॅडमनी आपांचा हात सोडला. मग म्हणाल्या, "रोज पिशव्या बांधून झोपणार का? जा, कामाला बसा. जेवणानंतर परत घेऊ."

जेवणानंतर दिवा लाल. आपांना लाल, त्यांच्या मागच्या जवळजवळ सगळ्यांनाच लाल.

"अहो, सकाळी लागले की सगळे," मॅनेजर चिडला. "तुम्ही तुमचंच मशीन पाडताय."

"मी बसवते ना, म्हणून मलाच पाडावं लागतं."

अहवालात त्यांनी लिहिलं की बोटांत दोष नाही, मशीन या दाराच्या लायकीचं नाही. बायकांना काढायला कारणच उरलं नाही. कार्डावर दार उघडायला लागलं, आणि मी नवा मथळा लिहिला, 'मशीन बदला'.

मॅडमची कंपनीनं लगोलग लांब गुजरातेत बदली केली. मी चिडून त्यावर पत्रक काढायला निघालो, तर फोनवर हसल्या. "बदली झालीय रे, फाशी नाही. माझ्यावर कागद घालवू नकोस. नवं मशीन येईपर्यंत गेट सोडू नकोस."

गेट आम्ही सोडलं नाही. नवं मशीन आलं तेव्हा बसवायला दुसराच कुणी तरुण इंजिनिअर होता. शकीला आपांनी पॉलिशनं काळं झालेलं बोट ठेवलं. दिवा हिरवा झाला, दार उघडलं.

"झालं आपा, लागलं बोट. चला, पुढचं कोण?"

आपा जागच्या हलल्या नाहीत. "रुको साहेब," त्या म्हणाल्या, "येक डाव लागलं. हात कधी वल्ला बी असतो. भिजवून येते, पास का नापास ते मंग सांगते."

आणि त्या नळाकडे गेल्या. त्यांच्या मागं बाकीच्याही निघाल्या. दार आपोआप मिटलं. इंजिनिअर मशीनशेजारी उभा राहून त्यांची वाट बघत राहिला.