डोळे मिटा, आशीर्वाद द्या

परवा ताईंच्या घरी सगळ्यांच्या आधी पोचली ती आमच्यातली अंबूबाई. आम्ही शेजारणी शाल घेऊन जिन्यातच, तोवर ती वरून सांगते, "ताई रुसल्यात. शाल नको म्हनत्यात!"

आमच्या शकुंतलाताई, दवाखान्यात नर्स होत्या, त्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यांच्या गौरवाचं पुस्तक निघतंय, त्यात मीही लिहावं असं ठरलं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण मला लई आनंद झाला.

मंगळवेढ्याहून मी सोलापूरला लेकाकडे राहायला आले, तेव्हा पहिल्यांदा ताईंच्या हळदीकुंकवाला गेले. त्या माझ्या पायाशी वाकल्या. "आक्का, डोळे मिटा, आशीर्वाद द्या, आणि सांगा, कुठल्या बोटाला हात लावला?"

मी म्हटलं, "लावा की आधी!"

बायका हसायच्या थांबल्या. हात तर कधीच लावून झाला होता.

साखरेनं पाय बधिर झालेत, हे मला असं कळलं. दुसऱ्या दिवशी ताई घरी आल्या. न्हाणीपुढचं घसरतं पायपुसणं त्यांनी उचललं, घरात घालायला मागं पट्टा असलेल्या चपला आणायला लावल्या.

"घरात चपला? देव हायत की!"

"देवांना मी सांगते. तुम्ही पडलात तर दिवा कोण लावणार?"

गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, अंथरुणातून एकदम उठायचं नाही. माझी सून अजून त्यांच्याच आवाजात ओरडते. आजवर मी पडले नाही, हे ताईंचे उपकार.

साखर ताईंनाही होती. पण कुणी पाया पडायला वाकलं, की त्या पाय साडीखाली ओढून घ्यायच्या. "मी काय म्हातारी झाले का?" आम्हीही हसायचो. संक्रांत झाली आणि ताई स्वतःच्याच उंबऱ्याला अडखळून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण उभं राहायची भीतीच बसली. वॉकर कोपऱ्यात, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. इतक्या जणींना सावरलं त्यांनी, आणि त्यांच्याच वाट्याला हे यावं? हळहळ जात नाही.

परवा शाल बाजूला ठेवून मी कशीबशी खाली बसले. "ताई, डोळे मिटा. आशीर्वाद द्या."

त्यांना कळलं. पाय आखडायला गेल्या, मग तसाच राहू दिला. डोळे मिटले. मी करंगळी धरली.

डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "आक्का, लावा की आधी."

कुणीच हसलं नाही. ताईंनी डोळे उघडून माझा हात पाहिला. अंबूबाईनं टॉवेल काढून वॉकर पुढं आणला.

"आज नको," ताई म्हणाल्या. "आधी मला पट्ट्याच्या चपला आणा. मग उभी राहीन."

देवानं त्यांना भरपूर आयुष्य द्यावं, आणि ते त्यांच्याच पायांवर चालत जावं. मापाला दोरा घेतलाय. चपला घेऊन गुरुवारी येतो, असं सांगून आलोय.