शालूबाईचा नारंगी ड्रेस

नवरा हंबीरराव काविळीनं गेला तेव्हा शालूबाई तिशीच्या आतच होती. पदरात श्रुती, नुकती शाळेत जाऊ लागलेली. घरात सासू चिमणाबाई, तीही ऐन तारुण्यात विधवा झालेली. दिवसकार्य उरकल्यावर सासूनं सुनेच्या हिरव्या-लाल साड्या काढून नणंदेला देऊन टाकल्या.

पुढं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, सुताच्या गिरणीत तिला काम लागलं. पाळी सकाळी सातची, तेवढ्या पहाटे एसटीचा भरवसा नाही, म्हणून सायकल. साडी चेनमध्ये अडकते म्हणून सासूनं पंजाबी ड्रेसला होकार दिला, पण कापड तिनंच निवडलं. राखी. वर थंडीला हंबीररावाचा करडा स्वेटर. विधवेनं उठून दिसायचं नाही, हा घरातला नियम आणि गल्लीचाही. तिनं काय ल्यावं याची गल्लीला भारी काळजी. ती काय खाते हे मात्र कधी कुणी विचारलं नाही.

सोबतीला शेजारची दीप्ती असायची. लग्नाआधीचं वय, पिवळेधमक कपडे. अरुंद रस्त्यावर दीप्ती पुढं, शालूबाई मागं.

दसरा झाला की त्या भागात धुकं उतरतं, आणि दिवाळीच्या आसपास उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. अशाच एका सकाळी मागून ट्रॅक्टर आला. करकचून ब्रेक लागला, तरी सायकलीच्या मागच्या चाकाला धक्का बसलाच आणि शालूबाई चरीत जाऊन पडली. हातपाय खरचटले, एवढ्यावर निभावलं. ड्रायव्हर धावत खाली उतरला.

"ही पिवळी दिसली म्हणून ब्रेक मारला बघा," तो म्हणाला. "मधी तुम्ही हाईसा, ते मला ठावंच न्हाई."

चरीत बसल्या बसल्या शालूबाईला श्रुतीचं तोंड दिसलं. बाप गेलाच होता. आईही गेली असती, तीही एका रंगापायी. पहिल्यांदाच तिला राग आला.

येत्या सुट्टीला ती दीप्तीला घेऊन कोल्हापूरला, महाद्वार रोडला गेली. दुकानदारानं तिच्या कपाळाकडं, मोकळ्या गळ्याकडं पाहिलं आणि न विचारताच फिक्या कापडांची चळत पुढं टाकली. बिचाऱ्याची सवयच ती. शालूबाईनं ती बाजूला सारली आणि वरच्या फळीवरचं भडक नारंगी मागितलं. गावातल्या इमामबीनं ते शिवून दिलं, आणि विचारलं काहीच नाही.

चिमणाबाईनं तो ड्रेस पाहिला आणि अबोला धरला. ताट वाढायची, डबा भरून ठेवायची, पण शब्द नाही. शालूबाई रोज खाली मान घालून निघायची. शिव्या बऱ्या, असं तिला वाटायचं.

मग एका सकाळी ती सायकल काढत असतानाच समोरच्या बाळाबाई आल्या. सुनेला आवरा, गाव नाव ठेवतंय, असं दारातूनच सासूला सुनावू लागल्या. शालूबाई जागीच थिजली. आता सासू ड्रेस उतरवायला लावणार, हे तिनं गृहीतच धरलं.

चिमणाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "बाळाबाई, ही गेली की मी रोज हितं उभी ऱ्हाते. राखीत ही त्या लिंबापातुरच दिसायची, फुडं नुसतं धुकं. मग सांजपातुर जिवात जीव नसायचा माझ्या. आता पार वळणापातुर दिसती."

बाळाबाई आपल्या दाराकडं परतल्या. शालूबाईला भडभडून आलं. सासू दारात उभी राहते हे तिला ठाऊकच नव्हतं. इतक्या दिवसांत तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं.

"जा, गिरणीला उशीर हुईल," चिमणाबाई म्हणाली.