उंबऱ्यावरचा बाबूसिंग

बाबूसिंग मेला त्याला दोन वर्षं झाली, पण गडी जाईल तर शपथ! मंगरूळपीरजवळच्या तांड्यावर रोज सकाळी आपल्याच घराच्या उंबऱ्यावर येऊन बसे. बोलणं नाही, चालणं नाही. त्याची बायको रुपाबाई लांब पाय टाकून त्याला ओलांडी आणि पाण्याला जाई.

"तू त्याच्यासाठी रडली नाही, म्हणून तो अडकला," शेजारची हिरीबाई म्हणे. खरंच होतं. बंजाऱ्यांच्या बायका गळ्यात गळा घालून, सूर लावून, गेलेल्याचा सगळा जन्म सांगत रडतात. परक्यांच्या मयतीत अख्खा तांडा रडवणारी रुपाबाई, आणि नवऱ्याच्या वेळी घसा ठणठणीत कोरडा! तिला त्याची लाज वाटे. तो एकदाचा सुटावा, एवढंच तिला हवं होतं.

तिचा मुलगा, नवीन, मुंबईत वायरमन होता. त्यानं बोलावलं, तशी ती वाशीमहून गाडीत बसली. बघते तर समोरच्या बाकावर बाबूसिंग.

"मेल्यावरबी बिनतिकिटाचेच!" ती पुटपुटली.

नवीननं तिला ऑपेरा हाऊस दाखवायला नेलं. जुन्या काळचं मोठं थाटाचं थेटर. त्याची दुरुस्ती चालली होती तेव्हा बाबूसिंग तिथं मजुरीला होता.

"याडी, तो घुमट पाह्य. बापानं तिथवर चुना वाह्यला."

आईनं मान वर केली. सोनेरी नक्षी, लाल खुर्च्या, आणि सगळ्यात वरच्या कठड्याला टेकून बाबूसिंग.

स्टेजवर एक बाई तालमीत गात होती, परक्या भाषेत. सूर चढत गेला तशी रुपाबाई पुढं सरकली.

"अरे, कोन गेलं रे तिचं? एकटीच रडून राह्यली!"

"रडत नाही, गानं हाय ते," नवीन म्हणेपर्यंत ती स्टेजच्या पायऱ्या चढलीसुद्धा. तांड्यात रडणाऱ्या बाईला एकटं सोडत नाहीत. तिनं त्या बाईच्या गळ्याला मिठी घातली, तिचाच सूर धरला आणि फुटली. चुन्यानं फाटलेले त्याचे हात, त्याचा खोकला, त्याचं चिडणं, सगळं सगळं सांगितलं. गाणारी आधी दचकली. मग तिनंही पाठीवर हात टाकला आणि सूर सोडला नाही.

रुपाबाईनं डोळे पुसून वर पाहिलं. कठडा रिकामा होता.

परतीच्या गाडीत समोर कोणी दुसरंच बसलेलं. सकाळी घरी ती हंडा घेऊन निघाली आणि सवयीनं उंबऱ्यावरून लांब पाय टाकला. खाली कोणीच नव्हतं. हंडा ठेवून ती तिथंच मटकन बसली.

"कायले रडली वं मी," ती म्हणाली.