आधी माझी झडती

दोन्ही हात वर करून चाचा जिनिंगच्या फाटकात उभे राहायचे आणि म्हणायचे, "घे बेटा, आधी माझी झडती."

हिंगोलीच्या त्या कारखान्यात आम्ही दोघं जमादार. दिवसपाळी त्यांची, रातपाळी माझी. अंगणभर कापसाच्या गंज्या. एक पेटती काडी पडली तर सगळं खाक. म्हणून पाळी बदलताना प्रत्येकाचे खिसे तपासायचे, आणि त्याआधी जमादारांनी एकमेकांचे. ही रीत चाचांनीच पाडलेली. मी लाजून त्यांच्या सदऱ्यावरून नुसता हात फिरवायचो. ते मात्र माझी बोटं हुंगून बघायचे. "बिडीचा वास येऊन राहिला. कुठं ठिवली काडी?"

असा संशयी माणूस तुम्हीही पाहिला असेल, पण चाचांचा संशय सगळ्यांवर सारखाच. एकदा शेठ आत यायला निघाले, तर चाचा त्यांनाच आडवे गेले. "शेठ, खिसा." शेठनी हसत पेटी काढून दिली. कुणी रागावलं की चाचांचं ठरलेलं उत्तर, "शक माणसावर न्हाई, काडीवर हाय."

रेच्यावर कापसातली सरकी काढणारी एक बाई त्यांना छेडायची, "चाचा, मग घरी चाची चूल कशानं पेटवते?"

"शेजारून इस्तू आणते. काडी माझ्या घरातबी न्हाई."

ते खरं होतं. शेजार आमचाच. रोज सकाळी चाची खापरीवर आमच्या चुलीतला विस्तव न्यायच्या. जाताना माझ्या बायकोशी दोन शब्द बोलायच्या.

मग सत्तेचाळीसचा तो हिवाळा आला. हैदराबाद संस्थानाचं काय होणार, एवढंच जो तो बोलायचा. इतके दिवस शेजारी बसून जेवणारी हिंदू-मुसलमान माणसं एकमेकांच्या भाकरीच्या फडक्याकडे बघू लागली. माझ्या पाळीतला फिटर कानाशी लागला, "चाचा पाळी सुटल्यावर गंजीपाशी काहून थांबतेत? हात आत घालून काय करून राह्यलेत? आपल्याला पेटवून देतील एखाद दिवशी."

कापूस आतून तापलाय का, हे चाचा रोज हात घालून बघत. मला त्यांनीच शिकवलं होतं ते. एवढं सांगितलं असतं तरी फिटर गप्प झाला असता. उलट माझ्याच मनात आलं, असेलही.

दुसऱ्या दिवशी मावळतीला भोंगा झाला. दोन्ही पाळ्या फाटकात जमल्या. चाचांनी हात वर केले. "घे बेटा."

मी घेतली. टोपी काढून अस्तर चाचपलं. सदरा झटकला. भाकरीचं फडकं सोडून जमिनीवर पसरलं. जोडे काढायला लावले. शेवटी त्यांच्या कानातला अत्तराचा फायासुद्धा काढून उलगडून पाहिला. मागून कुणीतरी हसलं. काही सापडलं नाही.

चाचांनी हात खाली केले नव्हते. हळूच म्हणाले, "बराबर केलंस. झडती अशीच घ्यावी. पर एक सांग, आज काडी हुडकत व्हतास, का मला?"

मी फडकं उचलून त्यांच्याकडे केलं. त्यांनी माझ्या हातून घेतलं नाही. स्वतः वाकून जोडे तेवढे उचलले आणि अनवाणी निघाले.

सकाळी मी घरी आलो तर बायको दारात. "आज चाची इस्तवाला आल्याच न्हाईत. धूर तर निघून राह्यला तिकडून. काई झालं का?"

"काई न्हाई," मी म्हणालो.

चार-आठ दिवसांत ते बिऱ्हाड कुरुंद्याला, त्यांच्या गावी निघून गेलं. काळच तसा होता, असं मी बायकोला सांगितलं, पुढं पोरांनाही. खरं काय ते आज पहिल्यांदा लिहितोय.

घरमालकानं खोली उघडली तेव्हा मी आत डोकावलो होतो. चूल सारवून ठेवलेली. वरच्या कोनाड्यात काड्यांची नवी पेटी होती, थोड्याच काड्या ओढलेल्या.